अमानत सांभाळणाऱ्या बाई

बाईंनी मला दुकान भाड्यानं दिलं ते फक्त मला टेपरेकॉर्डर दुरुस्त करता येतो म्हणून. मस्तगड भागात त्यांच्या घराला रस्त्याकडं उघडणारी एक खोली होती. माझ्याआधी एक साडीवाला आणि एक झेरॉक्सवाला विचारून गेल्ते, दोघांनाही बाईंनी पाणीसुद्धा न विचारता वाटेला लावलं. मला म्हणाल्या, "टेपचं हेड साफ करता येतं? बेल्ट बदलता येतो?" मी म्हणालो, "येतो, पण बाई, आता टेप वापरतं कोण? मी मोबाईल रिपेरिंगचं टाकून राह्यलो." "मी वापरते," बाई म्हणाल्या, "सामान कधी आणतोस?" झालं. तिथून पुढं त्या बाईनं माझं जे डोकं खाल्लं त्याला तोड नाही. आता त्या गेल्या, वर्ष होत आलं, आणि खरं सांगायचं तर मला करमत नाही.

उंच, हाडकुळ्या. मनगटावर पुरुषी घड्याळ. खांद्याला बियाण्याच्या रिकाम्या पोत्याची शिवलेली पिशवी, तिच्यावर कंपनीच्या कापसाचं बोंड छापलेलं. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला टेपरेकॉर्डर. एसटीत एकदा माझ्यासमोर कंडक्टरनं विचारलं, "लेकरू झोपलंय का मावशी?" बाई म्हणाल्या, "हाव. उठवू नको, बोलायला लागलं की थांबत न्हाई." चेहऱ्यावर रेघ हलली नाही. कंडक्टर बिचारा हळू आवाजात तिकिटं फाडत पुढं गेला.

नोकरीत असताना त्या प्रौढ शिक्षणाच्या वर्गांवर देखरेख करायच्या. अंबड, घनसावंगी, शहागडकडची गावं पायाखाली घातलेली. बायकांना सही शिकवायची हे काम. बाई सांगायच्या, "सही शिकल्या रे त्या. पण सही करायला त्यांच्याजवळ कागद कुठं व्हता? त्यांचं म्हणणं कुणी लिहिलंच न्हाई." मंग त्यांनी टेप घेतला आणि बायकांना बोलतं करायला लागल्या. जिनिंगमधल्या बाया, बियाण्याच्या प्लॉटवर कापसाच्या फुलांचं क्रॉसिंग करणाऱ्या बाया, ऊसतोडीहून माघारी आलेल्या, दारूच्या दुकानावर मोर्चा नेऊन पोलिसांच्या काठ्या खाल्लेल्या. रिटायर झाल्यावर तर दुसरा धंदाच उरला नाही. लग्न केलेलं नव्हतं. का, ते विचारायची माझी छाती झाली नाही.

कोऱ्या कॅसेटी बाजारात मिळेनाशा झाल्या तेव्हा बाईंनी भंगारवाल्याकडून जुन्या भजनांच्या, कव्वाल्यांच्या, तमाशातल्या बतावणीच्या कॅसेटी किलोवर आणल्या. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन भोकं असतात, त्यावर चिकटपट्टी लावली की भरलेल्या कॅसेटवरही पुन्हा भरता येतं. ते मीच दाखवलं. त्यामुळं बाईंच्या कपाटातल्या कॅसेटी ऐकायला भलत्याच विचित्र. एखादी बाई ऊसाच्या फडात बाळंत झाल्याचं सांगत असते, सांगता सांगता गप होते, आणि एकदम पेटी-तबल्यासकट कव्वाली सुरू. मी म्हणायचो, उरलेलं पुसून टाकू का? बाई खेकसायच्या, "कामून पुसतो? त्यानं बी गळा फोडून गायलंय."

कॅसेटवर नाव लिहायची पद्धत आणखी वेगळी. नवऱ्याचं नाही, बापाचं नाही, बाईचं नाव आणि पुढं तिच्या आईचं. 'चंद्रकला, गंगूबाईची.' तहसीलमधून जुन्या मतदार याद्यांच्या प्रती काढून आणल्या होत्या त्यांनी, त्यात कित्येक बायकांना नावच नव्हतं. अमक्याची बायको, तमक्याची आई. त्या यादीवर बोट ठेवून बाई गावोगाव म्हाताऱ्या शोधत हिंडायच्या. एक म्हातारी सापडली, तिची कॅसेट बाईंनी मला ऐकवली होती. म्हातारी सांगते, पहिल्या मतदानाला गेले तर आतला माणूस म्हणला, नाव सांग. सासरी नाव बदललेलं, पण त्या नावानं कुणी हाकच मारली नव्हती कधी. माहेरचं सांगितलं तर यादीत न्हाई. सासरचं आठवंना. मागच्या बाया हसाया लागल्या. "मंग?" असं बाईंचा आवाज विचारतो. म्हातारी म्हणते, "मंग काय माय, आले घरी. भाकरी टाकायच्या व्हत्या."

हे ऐकल्यापासून बाई दर मतदानाला केंद्राबाहेर टेप घेऊन उभ्या राहायच्या. मत कुणाला दिलं ते विचारायच्या नाहीत. प्रत्येक बाईला एवढंच, "आत गेल्यावर कुणाची आठवण आली?" कुणी म्हणायची मालकांची, कुणी म्हणायची सरपंचाची, भ्या वाटलं. एक पोरगी म्हणाली, कुणाचीच न्हाई, तर बाईंनी तिला रस्त्यातच मिठी मारली. पोलिसानं हाकललं की समोरच्या पानटपरीवर जाऊन उभ्या. एका वर्षी फौजदारानं टेप जप्त केला आणि मलाच तो सोडवून आणायला जावं लागलं. फौजदार म्हणाला, "तुमच्या मातोश्री का?" मी म्हणालो, "घरमालकीण." तो म्हणाला, "मंग तर लईच कठीण."

माझी बायको पहिल्यांदा डबा घेऊन दुकानात आली तेव्हा बाई बसलेल्याच होत्या. "काय काम करतीस?" "मी कुठं काय करते, घरीच असते." बाईंचा चेहरा एकदम फिरला. "बाहेर जा. परत आत ये. आणि मंग सांग." बायकोनं माझ्याकडं पाहिलं, मी सोल्डरिंगमध्ये तोंड खुपसलं. ती बिचारी उंबऱ्याबाहेर जाऊन परत आली, पुन्हा तेच म्हणाली, पुन्हा बाहेर. मंग मात्र तिचं टाळकं सटकलं. कमरेवर हात ठेवून जे सुरू झाली: शिलाई, पापड, सासूचं पथ्य, पोरांच्या शाळा, माहेरच्या शेतात कापूस वेचणी. बोलता बोलता रडायला लागली. बाईंनी तिला आत नेलं, दार लावलं. तिची कॅसेट कपाटात आहे. त्यात काय आहे ते बाईंनी मला सांगितलं नाही आणि बायकोनंही नाही, आणि विचारलं की दोघीही सारख्याच बघायच्या माझ्याकडं.

आता मुद्द्याचं. बाईंचा एक नियम होता, तो मोडायची कुणाची बिशाद नव्हती. बोलणं भरून घेताना प्रत्येक बाईला त्या सांगायच्या, "ही तुझी अमानत. माझ्याकडं ठेवलेली. तुला वाटंल तवा येऊन मागायची, मी कामून म्हणून विचारणार न्हाई." आणि कॉपी काढायची नाही. माझ्याकडं दोन कप्प्यांची मशीन होती, एका कॅसेटवरून दुसरी बसल्याजागी निघाली असती. मी किती वेळा म्हणालो, "बाई, एकेक कॉपी काढून ठेवू, बुरशी लागली, उंदरानं कुरतडली, काय करता?" बाई म्हणायच्या, "अमानतीची चोरून कॉपी ठेवायची, मंग माझ्यात आन मुकादमात फरक काय राह्यला?" मी चिडून मशीनवर कपडा टाकायचो.

मंग एका विद्यापीठातली दोन माणसं आली. चांगली होती, नाव ठेवायला जागा नाही. म्हणाली, हे सगळं आम्ही कॉम्प्युटरवर चढवू, जपून ठेवू, लोक अभ्यास करतील. बाईंचं वय झालेलं, खोकला लागलेला. त्या हो म्हणाल्या, पण आधी एकेका बाईला विचारून. आणि पिशवी घेऊन निघाल्या गावोगाव विचारायला. मी म्हणालो, बाई, विचारलं की भितील. "भिऊ दे. पण विचारल्याबिगर न्हाई."

भ्याल्याच की सगळ्या. कॉम्प्युटरवर चढलं म्हणजे साऱ्या जगाला ऐकू जाणार, मुकादमाला ऐकू जाणार, जावयाला ऐकू जाणार. दसरा-दिवाळीच्या दिवसांत बायकांची रीघ लागली. बाई कपाट उघडायच्या, कॅसेट काढून पदरात घालायच्या, वर चहा पाजायच्या. कामून म्हणून कुणाला विचारलं नाही. कपाटातले कप्पेच्या कप्पे रिकामे होत गेले, आणि माझा जीव तिळतिळ तुटायला लागला. बाईंच्या आयुष्याची कमाई होती ती. आणि ही बाई हसून निरोप देते!

त्यातच चंद्रकला आली. शहागडच्या अलीकडं हायवेला एक जिनिंग आहे, तिथं ती पोरगी होती तेव्हापासून कामाला. कापसातली घाण निवडायची, गंजीवरून कापूस ओढून पुढं द्यायचा. मुकादमामार्फत काम, हजेरीचा कागद नाही, काही नाही. तिनं टेपवर सगळं सांगितलेलं: जिनिंगचं नाव, मालकाचं नाव, मुकादमाचं नाव, कुणाचा हात मशीनमध्ये गेला, मुकादम बायकांना कुठं कुठं हात लावतो. आता दारात उभी होती. "बाई, त्याला कळलं तर मला कामावरून काढंल. सविता माघारी आलीय माझ्याकडं, लेकरू घेऊन. दे माय माझं मला." सविता म्हणजे तिची मुलगी, नवऱ्यानं टाकलेली. बाईंनी कॅसेट दिली. मी दुकानाच्या फळीवर हात आपटला, एवढंच मला करता आलं.

थंडी सरता सरता सविता आली. एकटीच. जिनिंगमध्ये कापसाची गंजी ढासळली आणि चंद्रकला तिच्याखाली गेली. काढेस्तोवर संपलेली. एवढ्यावर भागलं असतं तर रडून मोकळं होता आलं असतं. पण पोलिसांच्या कागदावर लिहिलं गेलं की ही बाई कामाला नव्हती, सरकी चोरायला आत शिरली होती. मालकानं तसं सांगितलं. मुकादमानं सांगितलं, मी या बाईला कधी पाहिलंच नाही. बरोबरच्या बाया गप. त्यांना दुसऱ्या दिवशी तिथंच कामाला जायचं होतं.

सविता बाईंच्या समोर खाली बसली. "बाई, मला पैसा नको. माझी माय चोर नव्हती एवढं त्यांनी लिहावं. गावात लेकराला चोरटीचा नातू म्हणून राह्यले. मायनं तुमच्या टेपात सांगितलेलं ना सगळं? तिच्या तोंडून?"

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटतं, त्या क्षणाला त्यांना आशा होती की मी त्यांचं ऐकलं नसेल, की मी गुपचूप कॉपी काढली असेल. मी काढली नव्हती. मी मान हलवली.

"ती तुझ्या मायनं परत नेली गं," बाई म्हणाल्या. "घरात असंल. बघ."

सविता म्हणाली, "ती? ती तर ज्वारीवर बांधलीय."

शेतात पाखरं हाकायला कॅसेटची रीळ बांधतात हे मला ठाऊक होतं. वाऱ्यानं ती फरफर वाजते, उन्हात चमकते, चिमण्या उतरत नाहीत. चंद्रकलाच्या वाट्याला गोदावरीच्या कडेला अर्ध्या वाट्यानं केलेलं एक बटईचं तुकडं होतं. जाळायला मन झालं नसेल, ठेवायला भीती वाटली असेल, मंग तिनं ती उघडून ज्वारीभोवती ताणली. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं तिथं. कणसं भरलेली, काढणीला आलेली, आणि चारी बाजूंनी ती काळी-तपकिरी रीळ वाजत होती. बाई बांधावर उभ्या राहिल्या आणि ऐकत राहिल्या. मला म्हणाल्या, "बोलून राह्यली रे ती." मी बाईंना कधी रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं, आणि मलाही आवरलं नाही.

आम्ही ती सोडवली. काठ्यांना मारलेल्या गाठी, कुठं तुटलेली, कुठं पिळलेली, कुठं पाखरांनीच नेलेली. सविता पेन्सिलीवर गुंडाळायची, मी धूळ पुसायचो. दुकानात आणून बारीक कापलेल्या चिकटपट्टीनं तुकडे जोडत बसलो. इस्तरी करायचा नाद नको म्हणून पुस्तकांखाली दाबून सरळ केले. माझ्या हाताला जेवढं येतं तेवढं सगळं केलं. शेवटी एका रिकाम्या कॅसेटीत भरून लावली.

कव्वाली स्वच्छ आली. काय ते नशीब! पेटी, टाळ्या, सगळं ठणठणीत. आणि चंद्रकला तेवढी खरखरीत बुडालेली. मधेच "लई धूळ बाई, नाकातोंडात..." मधेच "आमच्या मुकादमाला..." आणि पुन्हा खरखर. जिनिंगचं नाव, मालकाचं नाव, तिचं स्वतःचं नाव सुरुवातीला होतं. तो तुकडा मिळालाच नाही. सविता मशीनला कान लावून बसलेली, "माय हाये, माझीच माय हाये," एवढंच म्हणत होती.

ठाण्यातल्या साहेबानं ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता, खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाला, "बाई, ही कोण, कुठली, कुठलं जिनिंग, यातून काय कळतं सांगा? उद्या वकील म्हणंल, कुणीबी असंल." बाईंनी कॅसेट काढून पिशवीत घातली.

परत येताना जीपमध्ये मी बोललोच. राहवलं नाही. "एक कॉपी, बाई! एक कॉपी ठेवली असती तर आज ती चोर ठरली नसती." सविता मागं बसलेली, तिलाही ऐकू गेलं असणार. बाईंनी मान बाहेर वळवली. मंग म्हणाल्या, "तिनं मागितली तवा ती जित्ती होती. जित्त्या बाईचं ऐकायचं, का ती मेल्यावर काय लागंल त्याचं?" पण त्या दिवसापासून बाईंचं जेवण तुटलं. चहा बशीत ओतायच्या आणि तसाच निवू द्यायच्या. विद्यापीठाच्या माणसांना त्यांनी निरोप धाडला की आता काही उरलं नाही, येऊ नका. खरं तर बरंच उरलं होतं. बायका अजूनही अधूनमधून यायच्या, आपापली कॅसेट मागायच्या, आणि बाई द्यायच्या. फक्त आता देण्याआधी तिला ती पूर्ण ऐकायला बसवायच्या. काही ऐकून ठेवून गेल्या. जास्ती घेऊन गेल्या.

उन्हाळ्याच्या तोंडाला एका दुपारी सविता पुन्हा आली. मी बाईंच्या टेपचा बेल्ट नुकताच बदलून दिला होता. ती उंबऱ्याच्या आत आली आणि बाईंनी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "बाई, माझं भरून घ्या."

बाईंचा चेहरा जरा उजळला. कपाटातून एक कॅसेट काढली, मी भोकांवर पट्टी लावली. बाई नेहमीचं म्हणायला लागल्या, "ही तुझी अमानत..."

"न्हाई," सविता म्हणाली. "तेच आधी बोलायचंय. मी परत मागायला आले तर देऊ नका."

बाई थबकल्या. "असं न्हाई करता येत पोरी. तुझं असतं ते."

"माझं नको राहू दे. उद्या कुणी डोळे वटारंल आन मी येईन. माय बी भिऊनच आल्ती. मी पाया पडंन, रडंन, शिव्या देईन तुम्हाला. तरी देऊ नका. आन यांना सांगा," तिनं माझ्याकडं बोट केलं, "पाच कॉप्या काढून ठेवा म्हणाव."

बाईंचा हात टेपवरच राहिला. आयुष्यभर एकच शब्द पाळला होता त्या बाईनं, आणि आता एक पोरगी तोच मोडायला सांगत होती, तेही त्याच शब्दापायी चोर ठरलेल्या बाईची पोरगी. मला वाटलं, नाही म्हणतील. मंग बाईंनी मला हातानं खूण केली, त्या कोपऱ्यातल्या दोन कप्प्यांच्या मशीनकडं. मी उठलो आणि तिच्यावरचा कपडा काढला.

बाईंनी टेपची दोन्ही बटणं दाबली. "बोल माय. काय काम करतीस?"

सवितानं पदर नीट केला. आवाज चढवून, एकेक शब्द वेगळा करून बोलली, जिनिंगचं नाव घेऊन, मालकाचं नाव घेऊन.

"येत्या सोमवारपासनं मी या जिनिंगात कामाला जाणार हाये. काल मुकादम आमच्या दारात आल्ता. म्हणला, तुझ्या मायची जागा रिकामी पडलीय, तिथं उभी राहा."